भाऊ डिचोलीत बसून परदेशी पोकर अ‍ॅप खेळतोय. त्याला नेमका कुठला कायदा लागतो?

मांडवीकाठची:

मी पणजीत एका हॉटेलच्या रिसेप्शनवर नऊ वर्षं काम करते. घर डिचोलीला. विचारायचं आहे ते धाकट्या भावाबद्दल, पण मला जे ठाऊक आहे ते कुठून कळलं हे आधी सांगते. माझी चूक तिथेच झाली आहे असं वाटतं.

कुठल्या राज्यात पोकर चालतं आणि कुठे नाही, हे मी पाहुण्यांच्या फोनवरून शिकले. हैदराबादची मंडळी फॉर्म भरता भरताच अ‍ॅप उघडायची आणि "चालू झालं, चालू झालं" म्हणत एकमेकांना दाखवायची. तेलंगणाने २०१७ मध्येच पैसे लावून ऑनलाइन पत्ते खेळण्यावर बंदी घातली होती. २०२० नंतर विजयवाड्याचे लोकही तसंच करू लागले, तेव्हा कळलं की आंध्रातही बंद झालं. सुरतचे एक काका म्हणायचे, "आमच्याकडे रमी उघडतं, पोकर उघडत नाही." बंगळूरचे एक नेहमीचे पाहुणे २०२१ च्या दिवाळीला आले ते कर्नाटक सरकारवर चिडलेले होते. पुढच्या मार्चमध्ये आले ते खुशीत, कारण मधल्या काळात तिथल्या उच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला होता.

हे सगळं ऐकून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की गोव्यात चालतं. आम्हा गोमंतकीयांना १ फेब्रुवारी २०२० पासून मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर खेळायला जायला बंदी आहे, बाहेरच्या पर्यटकाला मुभा आहे. पण फोनवर खेळायला कुणाची आडकाठी नव्हती. २०२३ मध्ये भावाने विचारलं, "ताई, हे कायदेशीर आहे ना?" मी अगदी खात्रीने म्हटलं, "आपल्याकडे चालतं रे." त्या दिवशी ते खरं होतं. तो शंभर-दोनशे रुपयांच्या टेबलांवर खेळायचा, वही घालून हिशोब ठेवायचा. एकदा त्याने मला समोर बसवून समजावलं की हातात काय आहे यापेक्षा समोरचा कधी थांबला, कधी चढला हे बघायचं असतं. मला ते आवडलं होतं. अभ्यासात कधी न रमलेला मुलगा काहीतरी मन लावून करत होता.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. त्याच्या अ‍ॅपवरची पैशांची टेबलं बंद झाली, शिल्लक रक्कम सगळी खात्यात परत आली. मला वाटलं, विषय संपला. पाच दिवसांवर चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होती.

आम्ही माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळं-पानांची आरास, बांधत होतो तेव्हा त्याचा फोन सारखा वाजत होता. जुन्या खेळाडूंच्या कुठल्याशा गटात एकाने लिंक टाकली होती. सर्व्हर परदेशात, भारताचा कायदा लागत नाही, बोनस दुप्पट. अ‍ॅप प्ले स्टोअरवर नाही, फाइल उतरवून घ्यायची. पैसे यूपीआयने पाठवायचे, दर वेळी वेगळ्याच नावाच्या खात्यावर. डिसेंबरपर्यंत १,४०,००० रुपये गेले. बाबांचा ट्रक खाणीवर होता. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद पडल्या, दोन वर्षं तो दारात उभा राहिला, मग विकला. हे पैसे त्याच ट्रकचे होते.

आता अ‍ॅपमध्ये त्याच्या नावावर ३८,००० जिंकलेले दिसतात. काढायला गेलं की "आधी १५ टक्के कर भरा" म्हणतात. मग त्या अ‍ॅपच्या एजंटाने सांगितलं, गोव्यात काढता येत नाही, महाराष्ट्रात जाऊन प्रयत्न कर. हा वेडा स्कूटर काढून दोडामार्गला गेला आणि तिथे चहाच्या दुकानात दोन तास फोन घेऊन बसला. हे त्याने मला रडत सांगितलं.

तर तो गुन्हेगार ठरतो का? गोव्याचा कायदा लागेल, महाराष्ट्राचा की केंद्राचा? तक्रार केली तर उलट त्यालाच धरतील का? बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. कृपया जाणकारांनी लिहावं.


मडगावचा वकील:

ताई, आधी एका गोष्टीचं उत्तर द्या. भावाने आपलं बँक खातं, एटीएम कार्ड किंवा सिम कुणाला वापरायला दिलं आहे का? तो नाही म्हणाला तरी पुन्हा शांतपणे विचारा. बाकी सगळ्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

आता कायदा. "पैजा आणि जुगार" हा विषय घटनेने राज्यांकडे दिला आहे, राज्यसूचीतली ३४ वी नोंद. म्हणून तुमच्या पाहुण्यांचे फोन राज्यागणिक वेगळे वागत होते. मूळ धागा इंग्रजांच्या १८६७ च्या जुगार कायद्याचा. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट होती आणि पुढे बहुतेक राज्यांनी ती ठेवली. आसाम आणि ओडिशाच्या कायद्यांत ती सूट नाही, म्हणून ती राज्यं अ‍ॅपवाल्यांनी आधीपासूनच वगळली होती. नागालँडने उलट दिशा धरली आणि पोकरला कौशल्याच्या खेळांच्या यादीत घालून परवाने देऊ केले. सिक्कीमने २००८ मध्येच ऑनलाइन खेळांचा कायदा केला, पण २०१५ नंतर तो खेळ राज्यातल्या ठरावीक जागांपुरताच ठेवला.

मग प्रश्न एवढाच उरतो, की पोकर कौशल्याचा की नशिबाचा? रमीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच सांगितलं आहे की त्यात प्रामुख्याने कौशल्य लागतं. पोकरवर मात्र उच्च न्यायालयांचं एकमत झालं नाही. गुजरातने २०१७ मध्ये पोकर नशिबाचा ठरवला, म्हणून सुरतच्या काकांचं रमी उघडायचं आणि पोकर नाही. मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये तमिळनाडूची बंदी रद्द केली. राज्याने २०२२ मध्ये नवा कायदा आणला, तो न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य केला, पण रमी आणि पोकर यांना नशिबाचे खेळ म्हणून बंदीच्या यादीत घालणं मान्य केलं नाही. एकच डाव, तेच बावन्न पत्ते. मी वीस वर्षं वकिली करतो आणि तरीही मला हे सामान्य माणसावर अन्यायाचं वाटतं. आपण कायद्यात आहोत की बाहेर हे कळायला त्याने चार उच्च न्यायालयांचे निकाल वाचायचे का?

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने हा वाद बाजूला सारला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे जिंकायच्या आशेने पैसे लावले की तो ऑनलाइन पैशांचा खेळ. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख, त्याचे पैसे फिरवणाऱ्यालाही तीन वर्षं आणि एक कोटी. परदेशातून चालणारा पण भारतात पुरवलेला खेळही यात येतो, त्यामुळे "सर्व्हर बाहेर आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. या कायद्याला आव्हान देणाऱ्या वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे घेतल्या.

खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. त्याला बळी धरलं आहे. डिचोली आणि दोडामार्ग यात या बाबतीत आज फरक राहिलेला नाही. मांडवीतली जहाजं चालू आहेत ती गोव्याच्या १९७६ च्या कायद्याखाली. तिथे माणूस प्रत्यक्ष टेबलावर बसतो, ते ऑनलाइन नव्हे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र नक्की लिहा.


साखळीचा जुना खेळाडू:

ताई, मी सहा वर्षं खेळलो, आता सोडलं. औषध कंपनीत विक्रीला होतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर महिन्यातून दोनदा जायचो. तुमच्या पाहुण्यांसारखाच मलाही नकाशा फोनवर कळायचा. उमरग्यापर्यंत महाराष्ट्र, टेबल चालू. पुढे हुमनाबाद, कर्नाटक, तरी चालू. झहीराबाद जवळ आलं की पडद्यावर पाटी यायची, "तुमच्या राज्यात ही सेवा उपलब्ध नाही", आणि लावलेला डाव तिथेच तुटायचा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून चार महिने तर उमरगा सोडलं की बंद. मी ड्रायव्हरला धाब्यावर गाडी थांबवायला सांगायचो, स्पर्धा संपेपर्यंत. एकदा असं पावणेदोन तास थांबवलं. त्याच्या मुलीला ताप होता, त्याला घरी पोचायचं होतं आणि तो मला काही बोलला नाही. ते आठवलं की आजही जीव खाली जातो. खेळ मी त्यानंतर सोडला.

पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे आणि तुमच्या भावाच्या कामाची आहे. कर आधी भरायला सांगणं ही फसवणूक आहे. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर होता आणि इथली अ‍ॅपं तो पैसे देतानाच कापून घ्यायची. पॅन घ्यायची, कापलेला कर प्राप्तिकराच्या नोंदीत दिसायचा. खिशातून आधी काढून भरायला कुणी सांगत नसे. १५ टक्के भरले की पुढे "खातं पडताळणी शुल्क" निघेल, मग आणखी काही. माझ्या ओळखीच्या एकाने असे तीनदा भरले. त्या ३८,००० चा आकडा पडद्यावर आहे, पैसे कुठेच नाहीत. भावाला सांगा, आता एक रुपयाही पाठवू नकोस.

आणि दोडामार्गला गेला म्हणून त्याला वेडा म्हणू नका. हद्द ओलांडली की अ‍ॅप उघडतं, हे आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं खरंच पाहिलेलं आहे. त्या एजंटाने हीच सवय वापरली.


न्यू जर्सीतला पेडण्याचा माणूस:

इथेही राज्याराज्यांचा फरक आहे, म्हणून थोडं लिहितो. अमेरिकेत २००६ मध्ये केंद्राने बँकांमार्फत जुगाराचे पैसे फिरवण्यावर बंदी घातली. परदेशी साइट तरीही चालू राहिल्या. १५ एप्रिल २०११ ला सरकारने तीन सर्वांत मोठ्या साइटवाल्यांवर खटले भरले आणि त्या एका दिवसात बंद पडल्या. त्यातल्या एका कंपनीच्या अमेरिकन खेळाडूंना पैसे परत मिळायला २०१४ उजाडलं. भावाने आशा लावून बसू नये म्हणून हे सांगतो. तिथे नावं आणि पत्ते ठाऊक असलेल्या कंपन्या होत्या आणि मागे अख्खं सरकार लागलं होतं, तरी तीन वर्षं गेली.

त्यानंतर राज्यांनी आपापलं बघितलं. नेवाडा, डेलावेर आणि आमचं न्यू जर्सी यांनी २०१३ मध्ये सुरू केलं, पुढे पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन वगैरे आले. न्यूयॉर्कमध्ये परवानगी नाही. मी होबोकनला राहतो, नोकरी मॅनहॅटनला. नदीखालच्या बोगद्यातून गाडी पलीकडे गेली की इथलंही अ‍ॅप बंद. वॉशिंग्टन राज्यात तर खेळणंसुद्धा गंभीर गुन्हा. राज्यं लहान म्हणून टेबलं रिकामी पडायला लागली, तेव्हा नेवाडा आणि डेलावेर यांनी २०१४ मध्ये आपसात करार करून खेळाडू एकत्र आणले. न्यू जर्सी, मिशिगन, वेस्ट व्हर्जिनिया मागाहून त्यात आले, २०२५ मध्ये पेन्सिल्व्हेनिया आलं.

मी स्वतः खेळत नाही. माझा खोलीतला सोबती खेळायचा, आणि एका रात्री त्याने राज्याच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतःवर पाच वर्षांची बंदी घालून घेतली. तशी सोय इथे आहे. त्यानंतर परवानाधारक एकही अ‍ॅप त्याला आत घेऊ शकत नाही. आपल्याकडे पूर्ण बंदी झाली खरी, पण दार लावून घेणाऱ्या मुलाला हात देणारं तिथे कोण आहे, हा विचार माझ्या मनात येतो. तुमचा भाऊ तर कायदेशीर अ‍ॅप बंद झालं तेव्हा शंभर-दोनशेवर होता, आणि बंदीनंतरच्या चार महिन्यांत लाखावर गेला.


मडगावचा वकील:

पेडण्याच्या मित्राचं म्हणणं मला पटतं, पण पूर्ण नाही. अ‍ॅपं उघडपणे चालू होती त्या काळातही माझ्याकडे सावकाराच्या नोटिसा घेऊन मुलं येत होती. तेव्हाही दार लावणारं कुणी नव्हतं. असो, हा वाद नंतर. ताई, उत्तर?


मांडवीकाठची:

वकीलसाहेब, काल रात्री जेवणं झाल्यावर त्याला गच्चीवर नेऊन विचारलं. आधी नाही म्हणाला. मग अर्ध्या तासाने स्वतःच बोलला. नोव्हेंबरमध्ये एजंट म्हणाला होता, "तुझं हरलेलं भरून काढ, एक खातं दे, महिन्याला ३,००० देतो." त्याने कारखान्याच्या पगारासाठी उघडलेलं जुनं खातं दिलं, कार्ड आणि त्याला जोडलेलं सिम कुरिअरने पाठवलं. पासबुकही छापून आणलेलं नाही. ३,००० एकदाच आले.

माझे हातपाय गार पडले आहेत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मी सुटकेचा श्वास घेतला होता.


मडगावचा वकील:

घाबरू नका, पण उद्यावर टाकू नका. अशा खात्यातून इतरांना फसवून घेतलेले पैसे फिरवतात, आणि त्यांच्यापैकी कुणाची तक्रार आली तर पोलीस आधी ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्याकडे येतात. त्याआधी आपण गेलो होतो हे कागदावर असायला हवं.

सकाळी बँक उघडताच शाखेत जा. खातं आपल्या ताब्यात नाही, कार्ड आणि सिम दुसऱ्याकडे आहे, व्यवहार ताबडतोब थांबवा, असं लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका. नोव्हेंबरपासूनचा खातेउतारा मागा. सिम कंपनीकडून बंद करून घ्या. १९३० वर फोन करा, तो आर्थिक सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. शेवटचे जे पैसे पाठवले ते गोठवता आले तर तिथूनच येतील, जुने मिळणं अवघड. मग सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार, त्यात ३,००० घेतल्याचं लपवू नका. लपवलेलं खातेउताऱ्यात दिसतंच. अ‍ॅप आणि गप्पा पुसायच्या नाहीत, कितीही लाज वाटली तरी. तक्रार लिहिताना शेजारी वकील असू द्या. डिचोलीच्या न्यायालयातले कुणी ओळखीचे नसतील तर इथे सांगा, मी येतो.


साखळीचा जुना खेळाडू:

मी साखळीलाच असतो. डिचोली दहा मिनिटांवर. बँकेत सोबत कुणी हवं असेल तर येतो. आणि ताई, बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात मी गेलो होतो. नाव ऐकून लोक दचकतात, मीही दचकलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी मला आधी झोपेबद्दल विचारलं, मग पैशांबद्दल. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ आहे, तो चोवीस तास लागतो.


मांडवीकाठची:

आज रजा टाकली. दहा वाजता बँकेत गेलो, साखळीचे दादा आले होते, त्यांचे उपकार विसरणार नाही. काउंटरवरच्या माणसाने आधी "ऑनलाइन अर्ज करा" म्हटलं. दादांनी शांतपणे दुसरी प्रत पुढे केली, तेव्हा शिक्का मिळाला. खातं थांबवलं. उतारा हातात आला तो अकरा पानांचा. नोव्हेंबर अखेरपासून साडेसहा लाखांच्या वर पैसे त्यातून आले आणि गेले. कुणाचे ते माहीत नाही. त्या अकरा पानांत किती घरं असतील, हे मनातून जात नाही.

१९३० वर बावीस मिनिटांत तक्रार नोंदली गेली. भावाने डिसेंबरचे शेवटचे दोन व्यवहार वाचून दाखवले, एक ९,००० आणि एक १२,०००. सायबर पोलिसांकडे उद्या जायचं आहे, वकीलसाहेब, तुम्ही येणार म्हणालात तर अकराची वेळ ठेवते.

बाबांना दुपारी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन ट्रकच्या कागदपत्रांची जुनी फाइल घेऊन आले, त्यातले जुने कागद काढले आणि आजच्या सगळ्या प्रती तिच्यात लावल्या. तक्रारीचा क्रमांक वर पेनाने लिहिला. बुधवारी बांबोळीला भावाबरोबर तेच जाणार आहेत.